खारबंदिस्तीचा बांध पावसाळ्याआधी मजबूत करताना

धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना पेण-अलिबागच्या खारेपाटात, तसंच रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाड्यांच्या कडेला कित्येक गावांची भातशेती, आणि काही ठिकाणी घरंही, उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली आहेत. गोव्याच्या खाजनांची गत तीच. तिथे उघाडीला, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेच्या दाराला, मानस म्हणतात, इतकाच फरक. या गावांचा जीव मातीच्या बांधात असतो. बांध मजबूत करायचा म्हटलं की पहिली मागणी दगडाची होते. पण बहुतेक बांध खाडीच्या बाजूने फुटत नाहीत. ते शेताच्या बाजूने, एखाद्या खचलेल्या दोन मीटरांत किंवा उघाडीच्या कडेने जातात. म्हणून पैसा थोडा असेल तर आधी माथा एका पातळीत आणा, मग उघाडी सुधारा, मग शेताकडचा उतार. दगड त्यानंतर.

पाहणी: कुठे काय बिघडलंय

पाहणी दोनदा करायची. एकदा ओहोटीला खाडीकडून, एकदा उधाणाच्या भरतीला शेताकडून. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उधाण जोरात असतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती. भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा हिशोब पुरेसा आहे: तिथीचा आकडा पाऊणपट केला की साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या.

माथ्याची पातळी गवंड्याच्या लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दर १० मीटरवर घ्या आणि वहीत लिहा. डोळ्यांना सरळ दिसणाऱ्या बांधात २०-३० सेंटिमीटरची बसकी जागा सहज निघते. सगळं उधाण त्याच जागेवरून आत उतरतं. माथ्यावरून पाणी गेलं की ते शेताकडच्या उतारावरून वेगाने खाली येतं, पायथ्याशी खड्डा पाडतं, खड्डा मागे सरकत माथ्यापर्यंत येतो आणि खांड जाते, म्हणजे बांधाला भगदाड पडतं. खाडीकडचा दगड तेव्हा जागच्या जागी असतो.

भरतीच्या वेळी शेताकडच्या पायथ्याला पाझर दिसला तर पाणी ओंजळीत घेऊन बघा. स्वच्छ असेल तर खूण करून लक्ष ठेवा. गढूळ असेल तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे. ते काम याच भांगात करायचं.

उंची किती

वर्तमानपत्रात येणारा भरतीचा आकडा, समजा ४.८ मीटर, हा नौकानयनाच्या शून्यापासून, म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेला असतो. मुंबईला समुद्राची सरासरी पातळीच त्या शून्यापासून सुमारे २.५ मीटरवर आहे. त्यामुळे तो आकडा बांधाच्या उंचीशी थेट जुळवू नका. सोपा मार्ग असा: मोठ्या उधाणाला उघाडीच्या भिंतीवर पाणी जिथवर चढलं तिथे रंगाची रेघ मारा, त्यावर १ मीटर मोकळी उंची धरा. वारा आणि लाटा त्या मीटरात सामावतात.

शिवाय माती बसते. खारी चिकणमाती नीट दाबूनही पहिल्या दोन वर्षांत बसतेच, म्हणून उंचीच्या दहा टक्के जास्त चढवा.

मातीचा हिशोब

समजा जुना बांध २ मीटर उंच, माथा १.५ मीटर, दोन्ही उतार दीडास एक (दीड मीटर आडवं, एक मीटर उभं) आहेत. त्याचा छेद ९ चौरस मीटर. तो २.५ मीटर उंच करायचा, माथा २ मीटर, खाडीकडे तिनास एक आणि शेताकडे दोनास एक उतार द्यायचा, तर छेद २०.६ चौरस मीटर होतो. दर मीटर लांबीला ११.६ घनमीटर नवी माती, म्हणजे १०० मीटरला दाबलेली सुमारे ४१० ब्रास (एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर). गाडीतली माती सैल असते, म्हणून सव्वापट धरा: ५१५ ब्रास. अंदाज करताना बहुतेकदा हीच सव्वापट विसरली जाते आणि शेवटचे वीस मीटर उघडे राहतात.

पायाची रुंदी ७.५ वरून १४.५ मीटरवर जाते. ही ७ मीटर जागा शेताच्या बाजूने घ्यावी लागते, कारण बाहेर कांदळवन असतं. खाडीकडचा पायथा आहे तिथेच ठेवा, वरचा भाग मागे छाटून उतार मंद करा आणि छाटलेली माती आत वापरा. ज्यांची जमीन जाणार त्यांची लेखी संमती माती पडण्याआधी घ्या.

माती कोणती, कुठून

पोटात चिकण, वर मुरूम. नुसत्या मुरमाचा बांध पाझरतो, नुसत्या चिकणाचा उन्हात तडकतो. चिकण ओळखायला ओल्या मातीची पेन्सिलपेक्षा बारीक वात वळून बघा. न तुटता वळली तर चालेल. काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून ठेवली तर रेती मिनिटभरात तळाला बसते, चिकण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवतं.

खाडीतला ताजा चिखल थेट बांधावर टाकू नका. त्यात निम्मं पाणीच असतं. वाळताना तो आकसतो आणि माथ्याला लांबच लांब भेग पडते. आधी पसरून सुकवा. मूठ आवळली की गोळा टिकतो पण तळवा ओला होत नाही, इतकी ओल राहिली की वापरा.

माती बांधाच्या पायथ्यालगत उकरायची नाही. पायथ्यापासून किमान १५ मीटर सोडा, एक मीटरपेक्षा खोल जाऊ नका आणि सलग चर काढू नका. मधे मधे न खणलेले पट्टे ठेवा. पायथ्याशी काढलेला चर म्हणजे पाझराला दिलेली वाट असते, आणि बांध त्याच बाजूला घसरतो.

भर घालणं

कामाचा हंगाम भात कापणीनंतर मेच्या मध्यापर्यंत.

१. जुन्या उतारावरचं गवत, मुळं आणि वरची १५ सेंटिमीटर माती काढून टाका.

२. उताराला पायऱ्या कापा, ३० सेंटिमीटर उंच आणि ६० रुंद. गुळगुळीत उतारावर घातलेली नवी माती पहिल्या पावसात चादरीसारखी सरकते.

३. नव्या भागाच्या पायाखाली लांबीच्या दिशेने ६० सेंटिमीटर खोल, मीटरभर रुंद चर खणून चिकणाने ठासून भरा. पायाखालून येणारं पाणी इथे अडतं.

४. माती २० सेंटिमीटरच्या सैल थरांत पसरा, ढेकळं फोडा, थर सुमारे १५ सेंटिमीटरवर येईपर्यंत दाबा. छोटा रोलर मिळाला तर उत्तम, नाहीतर धुमस (माती ठोकायचा जड ठोकळा). पुढच्या थराआधी आधीचा थर सुकला असेल तर पाणी शिंपडून खरवडा.

५. माथ्याला खाडीकडे हलका उतार द्या, म्हणजे पावसाचं पाणी शेताकडच्या उघड्या उतारावर ओघळ पाडणार नाही.

पोकलेनने ढीग टाकून वरून बकेट थोपटण्याला दाबणं म्हणत नाहीत. तसा बांध बाहेरून छान दिसतो, पण आत पोकळ्या राहतात आणि खेकडे त्या आपल्याआधी शोधतात.

पाया फार मऊ असेल, पाय गुडघ्यापर्यंत रुतत असेल, तर पूर्ण उंची एका हंगामात चढवू नका. निम्मी यंदा, निम्मी पुढच्या वर्षी. एकदम वजन आलं की बांध खचतो आणि पायथ्याबाहेरची जमीन फुगून वर येते. तशी फुगवटी दिसली की भर थांबवा.

खेकड्यांची बिळं

बिळाच्या तोंडात दगड किंवा सिमेंट कोंबून उपयोग नाही. आतली वाट तशीच राहते आणि खेकडा शेजारून नवं तोंड काढतो. बीळ शेवटापर्यंत खणा, मग ओल्या चिकणाचे गोळे टाकून काठीने ठासत बाहेर या. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर. घूस आणि उंदरांच्या बिळांना हाच उपाय.

उघाडी

उघाडीची झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने बाहेर उघडते आणि भरतीला खाडीच्या दाबाने मिटते. बिघाड ठरलेले: उंबऱ्यावर गाळ, फटीत अडकलेलं लाकूड, झिजलेली बिजागरी, आणि मासे आत यावेत म्हणून कोणीतरी झडपेत ठोकलेली पाचर. शेवटच्यासाठी गावाने एक माणूस नेमून त्याला मोबदला द्यावा. नुसत्या सूचनेने पाचर निघत नाही.

फळीची चौकटीशी गाठ बसते तिथे रबराची पट्टी लावा. उघाडीपासून खाडीकडे जाणारा बाहेरचा नाळ (पाण्याचा चर) मेअखेर गाळ काढून मोकळा करा.

उघाडीची भिंत आणि माती यांचा सांधा ही सगळ्या बांधातली सगळ्यात नाजूक जागा. गुळगुळीत भिंतीच्या कडेने पाणी वाट काढतं. सांध्यावर मीटरभर रुंद खणून, भिंत खरवडून, ओलं चिकण हाताने धुमसून भरा. इथे यंत्र नको. कोळंबीच्या तळ्यासाठी बांधातून पाइप काढायची मुभा शक्यतो देऊच नये. द्यावी लागली तर पाइपभोवती बाहेर दोन्ही बाजूंना अर्धा मीटर येणारी काँक्रीटची आडवी भिंत हवी.

आता झडपा किती? बांध उंच झाला आणि झडपा कमी पडल्या तर गाव पावसाच्याच पाण्यात बुडतं. १०० हेक्टर खारीवर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला की १ लाख घनमीटर पाणी साठतं. दोन ओहोट्यांत मिळून उघाडी साधारण १० तास वाहते असं धरलं, तर सेकंदाला २.८ घनमीटर पाणी जायला हवं. सेकंदाला दीड मीटर वेग धरून सुमारे १.९ चौरस मीटर तोंड लागतं, म्हणजे ९० बाय १२० सेंटिमीटरच्या दोन झडपा. कोकणात दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस नवलाचा नाही, तेव्हा चार ठेवा.

दगड आणि गवत

खाडीकडच्या उताराला दगडी अस्तर, म्हणजे पिचिंग, ३० सेंटिमीटर जाडीचं, २५ ते ४० किलोचे दगड उभे रोवून, फटींत चिपा ठोकून. त्याखाली १५ सेंटिमीटर खडी-मुरमाचा थर किंवा जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) हवंच. लाट मागे जाताना दगडांच्या फटींतून माती ओढते. गाळणीचा थर नसेल तर दोन पावसाळ्यांत दगड जागेवर आणि खाली पोकळी, असं होतं. फटी सिमेंटने बुजवल्या तर पोकळी दिसायचीही बंद होते. पायथ्याला ६० ते ९० सेंटिमीटर खोल दगडी बूड घ्या, नाहीतर सगळं पिचिंग खाली सरकतं. वरच्या उदाहरणातल्या १०० मीटरला पायथ्यापासून माथ्यापर्यंत ८४ ब्रास दगड लागेल, बूड वेगळं. जिथे बाहेर दाट कांदळवन आहे तिथे लाटेचा जोर आधीच मोडतो. तो दगड उघड्या वळणांवर वापरा.

शेताकडच्या उताराला हरळी. पहिल्या पावसाने मीठ धुतलं गेलं की २० सेंटिमीटरवर ठोंब लावा. झाड मात्र बांधावर एकही नको: बाभूळ नको, नारळही नको. मूळ कुजलं की पाण्याला नळी तयार.

खांड गेली तर

पहिल्या दिवशी खांड बुजवायची घाई करू नका. आधी दोन्ही तुटलेली टोकं दगड आणि पोत्यांनी बांधा, नाहीतर प्रत्येक भरतीला ती रुंदावते. मग भांगाची वाट बघा.

खांडीच्या मधोमध खोल डोह पडलेला असतो. जुन्याच रेषेवर बांधाल तर माती त्यात गडप होईल. डोहाला शेताच्या बाजूने वळसा घालून उथळ जागेवरून बांध न्या. बल्ल्यांच्या दोन रांगा, दीड मीटर अंतराने, दर अर्ध्या मीटरला एक बल्ली, निम्मी जमिनीत. आतून बांबूचे तट्टे लावून मधे चिकणाची पोती.

पोती दोन्ही टोकांकडून मध्याकडे आणू नका. तोंड जसं अरुंद होतं तसा प्रवाह तळ खरवडतो आणि शेवटचे तीन मीटर मिटत नाहीत. सगळ्या लांबीवर एकेक थर चढवत तळ वर आणा आणि शेवटचे थर भांगाच्या ओहोटीला, पाणी स्थिर असताना घाला. उघाडी उघडी ठेवा, अडकलेलं पाणी तिथून जाऊ द्या.

पोती दोन तृतीयांश भरा, विटांसारखी सांधे चुकवून रचा, प्रत्येक थर पायाने दाबा. सिमेंटची रिकामी पोती उन्हात एका हंगामात विरतात, म्हणून मागून मातीची भर त्याच वर्षी पूर्ण करावी लागते.

ऐन उधाणात माथा ३० सेंटिमीटरने वाढवायचा असेल तर १० मीटरला साधारण १२० पोती: खाली तीन रांगा, वर दोन, वर एक. शेताकडे गढूळ झरा फुटला तर त्याच्या तोंडावर पोतं दाबू नका, पाणी शेजारून फुटेल. झऱ्याभोवती पोत्यांचं गोल कडं करून आत पाणी साठू द्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत कडं चढवत जा.

परवानगी

बांध शासनाच्या खारभूमी योजनेत आहे की खाजगी, हे आधी खारभूमी विकास विभागाच्या कार्यालयात विचारा. योजनेतल्या बांधांना १९७९ चा खारजमीन विकास कायदा लागू होतो आणि दुरुस्ती त्या विभागामार्फत जाते. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाची बंदी आहे, २०१८ च्या निकालाने ती पक्की झाली आणि भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातल्या कामांवरही मर्यादा आल्या. पिचिंगच्या फटीत उगवलेलं कांदळाचं रोप दगड उचकटतं हे खरं, पण तेही परस्पर उपटू नका. सागरी किनारा नियमन आणि वनविभागाची कागदपत्रं ऑक्टोबरमध्ये दिली तरच जानेवारीत माती पडते. अर्जासोबत लेव्हल पाइपने घेतलेल्या पातळ्यांची वही, उघाडीवरच्या रेघेचा फोटो आणि जमीन देणाऱ्यांच्या संमती जोडा.