सेन्सर बदलायच्या आधी ती नळी बघा

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन करून नुकतेच वॉशिंग मशीनच्या लाईनला आलेल्या पोरांसाठी लिहितोय. मल्टिमीटर वापरता येतो, प्लग काढल्याशिवाय मागचं झाकण उघडायचं नसतं, एवढं तुम्हाला येतं असं धरतो. मोटर, बेल्ट, कपॅसिटर हे सगळं कुणाच्या तरी हाताखाली राहिलं की आपोआप येऊन जातं. टबातल्या पाण्याची लेव्हल मोजणाऱ्या सेन्सरचं तसं होत नाही. तो बिघडला की मशीन खोटं बोलायला लागतं आणि आपण त्या डिस्प्लेवर विश्वास ठेवून भलतीकडेच जातो.

सेन्सर पाण्याला शिवतच नाही, हे आधी डोक्यात बसवा. टबच्या खालच्या बाजूला छोटा एअर चेंबर असतो, तिथून एक बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. टबात पाणी चढलं की चेंबरमधली हवा कोंडते आणि ते प्रेशर सेन्सरच्या पडद्यावर पडतं. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे जेमतेम 1 किलोपास्कल. तोंडाने जोरात फुंकलं तर याच्या कितीतरी पट प्रेशर होतं, म्हणून सेन्सर चेक करताना गाल फुगवून फुंकणारे लोक दिसले की मला राग येतो. जुन्या मेकॅनिकल स्विचमध्ये पडदा कॉन्टॅक्ट ढकलतो आणि टिक् आवाज येतो. नव्यात पडद्याबरोबर कॉइलमधला फेराइटचा तुकडा सरकतो, फ्रिक्वेन्सी बदलते आणि बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, ती वाचतो. बऱ्याच मशीनमध्ये रिकाम्या टबाला ती 25-26 किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि पाणी चढेल तशी उतरते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये सहसा ही भानगडच नसते.

आता एरर कोड. एलजीवर पीई आला, सॅमसंगवर 1सी किंवा 1ई आला तर निदान सेन्सरकडे बोट तरी दाखवलेलं असतं. त्रास बाकीचे कोड देतात. डिस्प्लेवर आयई, म्हणजे पाणी येत नाही, आणि टब बघावा तर काठोकाठ भरलेला. किंवा ओई, म्हणजे पाणी निघत नाही, आणि टब कोरडा ठणठणीत. नवीन माणूस पहिल्या केसमध्ये इनलेट वॉल्व्ह काढतो, दुसऱ्यात ड्रेन पंप. दोन्ही चांगले असतात. पहिल्या केसमध्ये नळीतून हवा सुटतेय म्हणून बोर्डाला पाणी दिसतच नाही, ठरलेल्या वेळात लेव्हल आली नाही की तो आयई देऊन मोकळा होतो. दुसऱ्यात चेंबरचं तोंड पावडरच्या आणि क्षाराच्या लगद्याने बुजलंय, प्रेशर आतच अडकलंय, म्हणून बोर्डाला वाटतं पाणी अजून आहे. फ्रंट लोडला तर दारसुद्धा उघडत नाही आणि काकू म्हणतात आमचे कपडे आत अडकले, आधी ते काढा. बोअरचं पाणी असेल तर सेन्सरच्या आधी चेंबरच बघत जा.

म्हणजे डिस्प्ले काय म्हणतो आणि डोळ्याला काय दिसतं, या दोन्हीचा मेळ बसतो का ते आधी बघायचं. नसेल बसत तर सेन्सरच्या रस्त्यावर शोधायला लागा. रस्त्यावर म्हणतोय, सेन्सरवर नाही.

पण त्याच्याही आधी दोन गोष्टी. प्लग काढा आणि नळ चालूच ठेवा. तरी टबात पाणी येतंय? मग वॉल्व्ह अडकलाय, सेन्सरचा काही संबंध नाही, झाकण लावा. दुसरं, पाणी घेतंय पण लेव्हल वाढतच नाही, तर फ्रंट लोडचा ड्रेन पाईप मोरीत जमिनीवर सोडलाय का बघा. तो साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर पाहिजे, नाहीतर आलेलं पाणी सायफनने निघून जातं. बिनपंपाच्या टॉप लोडला मात्र पाईप खालीच असतो, तिथे ड्रेन वॉल्व्हमध्ये नाणं, हुक किंवा बटण अडकलेलं सापडतं.

"मशीन थांबतं आणि परत पाणी घेतं" ही तक्रार आली की टबात पाणी अर्ध्यापर्यंत घ्या, पॉज करा, लेव्हलला खूण करा आणि थांबा. लेव्हल खाली गेली तर ड्रेनचा लोचा. पाणी खुणेवर तसंच आहे आणि चालू केल्यावर मशीन आणखी पाणी घेतं, तर हवा सुटतेय. नळी दोन्ही टोकांना बघा, जिथे कुठे घासते तिथे बघा, आणि उंदरांनी कुरतडलीय का तेही बघा, आपल्याकडे हे फार होतं.

आता ज्याच्यात मी अडकलो होतो ते. तुम्ही नळी काढली, साफ केली किंवा नवीन टाकली, नीट बसवली, मशीन चालू केलं आणि तरी टब ओसंडून वाहतोय. मग वाटतं सेन्सरच गेला, नवीन सेन्सर लावला तरी तेच, मग वाटतं बोर्ड गेला. काही गेलेलं नसतं. नळी काढली तेव्हा टबात पाणी होतं, बस्स एवढंच. पाणी असताना नळी काढली की चेंबरमधली कोंडलेली हवा निघून जाते आणि पाणी त्या चेंबरमध्ये, नळीमध्ये बाहेरच्या लेव्हलपर्यंत वर चढतं. तुम्ही नळी परत लावता तेव्हा वरच्या हवेला काहीच प्रेशर नसतं, म्हणजे भरलेला टब सेन्सरला शून्य दिसतो आणि तो तिथून पुढे मोजायला लागतो, वर ओव्हरफ्लो ओळखायचं कामही त्याच सेन्सरकडे आहे त्यामुळे मशीनला कळायचा मार्गच राहत नाही. उपाय फुकट आहे. टब पूर्ण रिकामा करा, ड्रेन करून स्पिनही मारा, नळीत पाण्याचा थेंब राहिला असेल तर ती सेन्सरपासून काढून झटकून घ्या, मग लावा. नळी जोडताना टब रिकामा पाहिजे. परत सांगतो, रिकामा. थोडं पाणी असलं तरी चालेल, असं नाही. आणि नळी मध्ये लोंबती ठेवू नका, त्या झोळात थेंब साचतो आणि आठवड्याने फोन येतो.

चेंबर साफ करताना खालच्या बाजूने फुंका, पण सेन्सर आधी काढून ठेवा. नळी सेन्सरला लावलेली असताना कंप्रेसरची हवा मारायचा शॉर्टकट व्हिडिओत झटपट दिसतो, पडदा फाटला की नवीन सेन्सर आपल्या खिशातून.

एवढं सगळं बरोबर निघालं तरच सेन्सर. कनेक्टर काढून पिना बघा, मुंबई-कोकणात दमट हवेने त्यांच्यावर हिरवट गंज चढतो, नुसतं साफ करून काम होतं. मग कॉइलचा रेझिस्टन्स घ्या, एलजीसारख्या तीन वायरवाल्यात कडेच्या दोन पिनांमध्ये वीस-बावीस ओहमच्या आसपास मिळतो. ओपन दाखवला तर विषय संपला, बदला. रेझिस्टन्स बरोबर आला म्हणून सेन्सर चांगलाच असं मात्र नाही, पडदा फाटलेला असला तरी कॉइल ठीकच दाखवते. फ्रिक्वेन्सी मोजायला मशीन चालू ठेवावं लागतं आणि बऱ्याच बोर्डांमध्ये लो व्होल्टेजची बाजूसुद्धा मेन्सपासून वेगळी नसते. ओल्या बाथरूममध्ये, एकट्याने, पहिल्या वर्षात हे करू नका. शेजारी अनुभवी माणूस असेल तरच.

त्या माणसाबद्दलही बोलतो. "बोर्ड गेला" हे ज्याचं पहिलं वाक्य असतं त्याच्या हाताखाली फार दिवस काढू नका. हात चलाख होतील, पण डोकं तसंच राहील. जो टॉर्च धरायला लावतो आणि वर विचारतो की सांग, पाणी का थांबत नाहीये, तो शिव्या घालणारा असला तरी त्याला सोडू नका. सुरुवातीला काही कळत नाही, सगळं एकसारखंच दिसतं, ते सगळ्यांचं होतं. पाच-सहा मशीन उघडली की नळी कुठून कुठे जाते ते हाताला पाठ होतं.

शेवटचं पैशाचं. नळीची किंमत किरकोळ, म्हणून काका म्हणतात "एवढंच होतं होय? मग एवढे कशाला?" त्यामुळे व्हिजिट आणि तपासणीचे पैसे झाकण उघडायच्या आधी सांगा, आणि काढलेली नळी त्यांच्या हातात द्या, चीर दाखवा. दहापैकी सात जण मग काही बोलत नाहीत. उरलेले तीन चहा पाजून कमी करायला लावतात.