कासव, इग्वाना, गेको पाळायचाय? आणण्याआधी या चुका टाळा

बोडीतलं (छोट्या तळ्यातलं) कासव उचलून घरच्या टाक्यात सोडायचं, ही आपल्याकडे सर्रास होणारी चूक. भंडारा-गोंदियाकडे पाऊस लागला की बांधीत (भाताच्या शेतात), मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) पाळीवर ही कासवं सापडतात. पोरं घेऊन येतात आणि घरातली मोठी माणसं ‘लक्ष्मी आली’ म्हणून ठेवून घेतात. मऊ पाठीचं, पोटाकडून मागचे पाय झाकणाऱ्या झडपा असलेलं हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. घोरपड आणि अजगरही तिथंच. या यादीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं कैद होते. मांडुळाचा गुप्तधनाशी आणि ‘एकवीस नखी’ कासवाचा पैशांच्या पावसाशी संबंध जोडणाऱ्यांच्या नादी तर अजिबात लागू नका.

रस्त्यात कासव दिसलं तर ते ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला, जवळच्या पाण्याशी ठेवून द्या. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

राहिले दुकानातले परदेशी प्राणी. लाल कानाचं छोटं कासव (रेड इअर्ड स्लायडर), गेको (पालीच्या जातीतला प्राणी), इग्वाना (मोठा सरडा), बॉल पायथन (एक अजगर). यातल्या इग्वाना आणि बॉल पायथनसारख्या प्रजातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. “कागद नाहीत, पण काही होत नाही” असं म्हणणाऱ्या दुकानदाराकडून काहीही घेऊ नका.

रुपयाएवढं पिल्लू पाहून भुलणं

ते स्लायडर मोठं होऊन २५ सेंटिमीटरपर्यंत जातं आणि वीस-तीस वर्षं जगतं. काचेचं भांडं त्याला पहिल्याच वर्षी अपुरं पडतं. पूर्ण वाढलेल्या कासवाला जवळपास ४०० लिटर पाणी, ते गाळणारा फिल्टर आणि बाहेर येऊन अंग शेकायला कोरडी जागा लागते. इग्वाना शेपटीसकट दीड मीटरच्या वर जातो. घरात तेवढी जागा नसेल तर बेत इथंच सोडून द्या.

आपल्या उन्हाळ्याला कमी लेखणं

बाहेरची पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशातल्या लोकांसाठी असतात. त्यात प्राण्याला ऊब कशी द्यायची तेच सगळं सांगितलेलं असतं. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि इथं खरा धोका उकाड्याचा आहे. सरपटणारा प्राणी स्वतःचं अंग आतून गार किंवा गरम ठेवू शकत नाही. ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करूनच तो तापमान सांभाळतो. चारी बाजूंनी काच असलेल्या टाकीत ही ये-जा बंद होते. टिनाच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात ठेवलेली टाकी दुपारी एवढी तापते की प्राणी तासाभरातच दगावू शकतो.

म्हणून टाकी घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा. कवेलूच्या (कौलारू) घरातली मधली खोली त्यासाठी उत्तम. टाकीच्या एका टोकाला शेकायची जागा ३२ ते ३५ अंश आणि दुसरं टोक गार, अशी रचना हवी. दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर लावा, हाताच्या अंदाजावर राहू नका. कूलरचा झोत थेट टाकीवर येऊ देऊ नका. भारनियमनात दिवा, पंखा, फिल्टर सगळंच बंद पडतं, तेव्हा काय करायचं हे आधीच ठरवा. आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ऊब खरंच द्यावी लागते, हेही तितकंच खरं.

काचेतून येणारं ऊन पुरतं, असं समजणं

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि दिवसा वावरणाऱ्या कासवांत, इग्वानांत ते तयार व्हायला अतिनील-बी (यूव्हीबी) किरणं लागतात. साधी काच हे किरण अडवते. त्यासाठी खास यूव्हीबी दिवा लावा आणि कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा ते बारा महिन्यांत, बदला. तो पेटत राहतो, पण त्यातले उपयोगी किरण ओसरलेले असतात. सकाळचं कोवळं ऊन उत्तम, मात्र सावलीची सोय ठेवून आणि कुणीतरी जवळ बसून.

कवच मऊ पडणं, जबडा सुजणं, पाय वाकडे होणं ही या उणिवेची लक्षणं. ती दिसली की घरगुती उपाय करत बसू नका.

शेतातलं काहीही खाऊ घालणं

इग्वाना निव्वळ पाला खातो. शेवग्याचा पाला, जास्वंदाची पानं-फुलं चालतात. पालक रोज नको, तो कॅल्शियम अडवतो. गेकोला किडे लागतात, पण फवारणी झालेल्या कपाशी-सोयाबीनच्या वावरातले नाकतोडे म्हणजे विषच. काजवे तर पालीसरड्यांना जीवघेणे ठरतात.

गुरांचं औषध देणं

ही चूक प्राणघातक आहे. गोचिडांवर आणि जंतांवर गुरांना देतात ते इव्हरमेक्टिन कासवाला कधीही देऊ नका, त्यानं कासव मरतं. तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर गाई-म्हशींत कितीही तरबेज असला तरी सरपटणारे प्राणी त्याच्याकडे क्वचितच येतात. म्हणून प्राणी आणण्याआधी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून, असे प्राणी तपासणारा डॉक्टर शोधून ठेवा. कासव पाण्यात एका बाजूला कलून तरंगत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकातून फेस येत असेल तर फुप्फुसाचा संसर्ग समजून त्याच दिवशी निघा. डोळे सुजून मिटले असतील तर बहुतेकदा आहारात अ जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं.

घरात पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर थांबा. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हे जुलाब-ताप आणणारे जंतू असतात आणि प्राणी निरोगी दिसत असला तरी ते पसरतात. याच कारणानं अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकायला बंदी आहे. हात लावला की साबणानं धुवा, टाकीचं पाणी मोरीत ओता, भांड्यांच्या जागी नको.

नकोसं झालं की तलावात सोडणं

स्लायडर आपल्या बोडीत टिकतं, वाढतं आणि इथल्या कासवांचं खाणं व शेकायच्या जागा बळकावतं. सोबत आजारही नेतं. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत ते आहे. घेतानाच दुकानदाराला परत घेशील का विचारा आणि तसं पावतीवर लिहून घ्या. तो नाही म्हणाला तर प्राणी घेऊ नका. आधीच घरात असेल आणि सांभाळणं जमत नसेल तर दुसरं घर मिळेपर्यंत टाकीतच राहू द्या आणि १९२६ वर विचारा.