लंडनच्या भुयारी रेल्वेत एकच कार्ड वापरा

वडोदऱ्याहून लेकीकडे किंवा मुलाकडे लंडनला गेलेल्या आई-वडिलांचे भुयारी रेल्वेत नाहक जास्त पैसे कापले जातात, ते आत शिरताना एक आणि बाहेर पडताना दुसरे कार्ड (नुसते टेकवून पैसे भरता येणारे बँकेचे कार्ड) टेकवल्यामुळे.

१. दोघांनी आपापले वेगळे कार्ड ठरवावे. तेच कार्ड मोबाईलमध्ये असले तरी यंत्र ते निराळेच धरते.

२. फाटकावरच्या कार्ड वाचणाऱ्या पिवळ्या चकतीवर जाता-येता तेच टेकवावे, म्हणजे दिवसाची कमाल मर्यादा गाठल्यावर पुढचे भाडे लागत नाही.

बेकर स्ट्रीट स्थानकात पाच-सहा क्रमांकाचे, १८६३ सालचे विटांच्या कमानींचे फलाट आवर्जून पाहावेत. गाडी बदलताना, फाटकाबाहेर न पडताही ते पाहता येतात.

फाटक उघडे दिसले तरी कार्ड टेकवल्याशिवाय बाहेर पडू नये, नाहीतर सर्वाधिक भाडे कापले जाते.