एकच यादी बारा महिने? शिबिराची सॅक भरताना या चुका टाळा

गेली काही वर्षं तेरा ते अठरा वयोगटातल्या मुलांना घेऊन मी सह्याद्रीत मुक्कामी जातो. जूनच्या शिबिराला जी यादी ग्रुपवर पाठवली जाते, तीच डिसेंबरात फक्त तारीख बदलून पुन्हा येते. त्यात सॅक भरते आई. मुक्कामी पोचून अंधार पडला की टॉर्च कुठल्या कप्प्यात आहे हे मुलाला माहीतच नसतं.

पावसाळा: रेनकव्हरवर विसंबू नका

राजमाचीच्या पायथ्याला उधेवाडीत आम्ही एका जुलैत उतरलो होतो. लोणावळ्याहून साधारण पंधरा किलोमीटर चाल, पाऊस सगळ्या वाटेने. एका मुलाच्या सॅकवर कोरं करकरीत रेनकव्हर होतं. घराच्या ओसरीत त्याने ते काढलं, तर तळाशी वाटीभर पाणी साचलेलं आणि स्लीपिंग बॅग नेमकी त्या पाण्यात बसलेली. कव्हर सॅकला बाहेरून झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळलेलं पाणी तिथूनच आत शिरतं. त्या रात्री पोराला घरातल्या काकूंनी घोंगडी दिली म्हणून निभावलं.

म्हणून सॅकच्या आत आधी एक मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी बसवा, सगळं सामान त्यात भरा आणि तोंडाला पीळ देऊन ते खाली दुमडा. झोपायचे कपडे आणि पायमोजे आणखी एका पिशवीत ठेवा. हा जोड काहीही झालं तरी दिवसा घालायचा नाही. सकाळी ओलेच कपडे पुन्हा चढवायला अंगावर काटा येतो, पण रात्री कोरडं झोपायचं असेल तर दुसरा मार्ग नाही.

जीन्स घरीच ठेवा. भिजली की जड होते, दोन दिवस वाळत नाही, मांड्या सोलवटते आणि वाऱ्यात अंगातली ऊब खेचून घेते. जाड सुती टी-शर्टचंही तेच. पटकन वाळणारी ट्रॅक पँट पुरते. बूट भिजले तर चुलीला चिकटवू नका, तळवा सुटतो. रद्दी कोंबा आणि तासाभराने बदला. आंबोली किंवा कोयनेच्या बाजूला जात असाल तर जळवा गृहीत धरा. चिकटलेली जळू ओढू नये, तोंडाजवळ नख सरकवून सोडवावी.

हिवाळा: पांघरूण दोन, खाली काहीच नाही

थंडीत मुलं स्वेटरवर स्वेटर आणतात आणि कॅरीमॅट (अंगाखाली अंथरायची फोमची चटई) 'जागा खाते' म्हणून घरी ठेवतात. रात्री दोनला कुडकुडत उठतात ती याच चुकीने, कारण ऊब वरून जाते त्याहून जास्त खालून जमीन ओढून घेते. अंगाखाली स्लीपिंग बॅगचा कापूस दबतो आणि त्याचा उपयोग राहत नाही. मॅट विसरलीच असेल तर गावात भाताचा पेंढा मागा. तोही नसेल तर रिकामी सॅक पाठीखाली घ्या. गरम पाण्याची धातूची बाटली, झाकण घट्ट लावून, मोज्यात घालून पायाशी ठेवली की दहा मिनिटांत फरक पडतो.

दुसरी चूक कळसूबाईवर हमखास दिसते. सूर्योदयासाठी पहाटे निघताना मुलं जाकीट घालूनच चढायला लागतात. अर्ध्या वाटेत घामाने आतला टी-शर्ट ओला होतो आणि 1646 मीटरवरच्या वाऱ्यात तोच टी-शर्ट बर्फासारखा लागतो. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, वारा वेगळाच. निघताना थोडी थंडी वाजू द्या, जाकीट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि माथ्यावर पोचताक्षणी घाला.

'तंबू गळतो' ही तक्रारही थंडीतलीच. तंबू सहसा गळत नसतो. चौघांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर जमून टपकते. वरच्या झडपा उघड्या ठेवा. ऊब यावी म्हणून तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह मात्र कधीच नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

उन्हाळा

इथे चूक एकच, पण मोठी: पाण्याची एक बाटली. एप्रिल-मेमध्ये माणशी निदान तीन-चार लिटर धरा, कारण किल्ल्यावरचं टाकं आटलेलं असू शकतं. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, बहुतेक वेळा एक लिटरमध्ये, कालवायची. घट्ट केली की उलट त्रास होतो. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा उन्हात उत्तम. परफ्यूम, डिओ नको, कड्यांवर आग्या मोहळं असतात. बूट रात्री तंबूत घ्या आणि सकाळी झटकूनच घाला, विंचू आत बसलेला असतो.

सॅकचं वजन कोणत्याही ऋतूत मुलाच्या वजनाच्या पंधरा टक्क्यांवर नको. चाळीस किलोच्या मुलाला सहा किलो. भांडी, दोर, औषधं सगळ्यांत वाटून टाका.

निघण्याच्या दोन दिवस आधी आम्ही मुलांना भरलेल्या सॅकसकट बोलावतो आणि दिवे घालवतो. टॉर्च, रेनकोट आणि कोरडे मोजे एका मिनिटात हाती लागले तर सॅक पास. नाहीतर तिथेच रिकामी करून त्यानेच पुन्हा भरायची. पालकांना आम्ही बाहेर बसवतो.