छोट्या रिफ्रॅक्टरला (भिंगाच्या दुर्बिणीला) कॅमेरा लावलाय पण फोकसच होत नाही?

बहुतेक वेळा कॅमेऱ्यात काही बिघाड नसतो, डायगोनल (प्रकाश वळवून आयपीसकडे नेणारा वाकडा जोड) काढला की तिथेच गोची होते. त्याच्यातून प्रकाश साधारण ७-८ सेंटिमीटर जास्तीचा प्रवास करतो, तो काढल्यावर फोकसर (फोकस जुळवायला आत-बाहेर सरकणारा भाग) पूर्ण बाहेर ओढला तरी सेन्सर मागे पोचतच नाही, मग मध्ये एक्स्टेंशन ट्यूब घालायची, बास. डायगोनल ठेवून डीएसएलआर लावायच्या भानगडीत पडू नका, उलटी अडचण होते, फोकसर पूर्ण आत ढकलला तरी पुरत नाही, कारण टी-रिंगच्या (कॅमेरा दुर्बिणीला जोडायची कडी) पुढच्या कडेपासून सेन्सरपर्यंतच ५५ मिमी जातात.

गुहागर-दापोलीकडे असाल तर मजाय, उजेड असतानाच क्षितिजावरच्या एखाद्या ट्रॉलरवर फोकस करा आणि ड्रॉट्यूबवर (फोकसरच्या सरकत्या नळीवर) पेन्सिलने खूण करा, तारे त्या खुणेच्या जरासे आत सापडतात. रात्री ठळक तारा, लाइव्ह व्ह्यू फुल झूम, दुर्बिणीच्या तोंडावर बाहतिनोव्ह मास्क (फटी पाडलेलं झाकण, त्याने ताऱ्याभोवती तीन रेघा दिसतात): मधली रेघ दोन तिरक्या रेघांच्या बरोबर मधोमध आली पाहिजे. लॉक स्क्रू आवळल्यावर परत बघा, स्वस्तातला फोकसर हमखास सरकतो.

आणि तासाभराने तारे फुगलेले दिसले तर आधी लेन्सवर टॉर्च मारा, आपल्याकडे दव फार. पुसू नका हां, खारट हवेची पुटं असतात, चरे पडतील. हेअर ड्रायर लांबून, मंद.