वाफेचं इंजिन कोणत्या कंपनीचं, कोणत्या काळातलं

कापसाच्या जुन्या जिनाच्या आवारात, बांधकाम खात्याच्या डेपोत किंवा वाड्यामागच्या पडीक जागेत गंजत पडलेलं धुराड्याचं यंत्र लोक सरसकट 'स्टीम ट्रॅक्टर' म्हणून दाखवतात. आपल्या विदर्भात त्यातली बरीचशी यंत्रं एक तर बैलांनी ओढून न्यायची इंजिनं निघतात, नाही तर रस्त्याचे रोलर. म्हणून कंपनी शोधण्याआधी प्रकार ठरवा.

त्यासाठी क्रँक, म्हणजे पिस्टनच्या पुढे-मागे चालीने फिरणारा वाकडा आस, कुठे आहे ते बघा. सिलिंडर भट्टीच्या वर आणि क्रँक व फ्लायव्हील (त्यावरचं मोठं जड चाक) धुराड्याकडे असेल, तर ते ओढून न्यायचं पोर्टेबल इंजिन. त्याला स्वतःची चाल नसते; पट्टा लावून जिन, गिरणी किंवा पंप चालवायचा एवढंच काम. सिलिंडर धुराड्याकडे, क्रँक मागे चालकाजवळ आणि तिथून मागच्या चाकांपर्यंत दातेरी चक्रं असतील, तर ते स्वतः चालणारं. फार सुरुवातीची यंत्रं सोडली तर ही खूण चुकत नाही. बॉयलरच्या पोटाखाली तारेच्या दोराचा मोठा आडवा ड्रम दिसला तर ते नांगरणीचं इंजिन, आणि मग लीड्सच्या जॉन फाउलर कंपनीचा संशय पहिला घ्या. पुढे चाकांऐवजी लाटण्यासारखा गोल लोखंडी रूळ असेल तर रोलर. मात्र रूळ काढून चाकं बसवलेली आणि चाकं काढून रूळ बसवलेली अशी दोन्ही उदाहरणं असतात; पुढचा भाग बॉयलरला जिथे जोडला आहे तिथे जुनी, रिकामी बोल्टची भोकं आहेत का ते तपासा.

नंतर पाटी. पितळी पाटी बहुधा भंगारात गेलेली असते, पण तिची भोकं आणि रंगातला ठसा राहतो. स्मोकबॉक्सचं (धुराड्याखालच्या पेटीचं) दार, सिलिंडरची बाजू, भट्टीवरचे बाजूचे पत्रे, फ्लायव्हीलजवळचं बेअरिंग, या चार जागा आधी बघा. रोलरच्या पुढच्या डोक्यावर मागच्या पायांवर उभा घोडा आणि 'इन्व्हिक्टा' शब्द असेल तर रोचेस्टरची अ‍ॅव्हलिंग अँड पोर्टर. बसलेली ब्रिटानिया असेल तर गेन्सबरोची मार्शल. पाटीवर मुंबईच्या ग्रीव्ज कॉटनसारखं नाव असेल तर घाई करू नका. ती विकणाऱ्याची पाटी असते आणि बनवणाऱ्याचं नाव दुसरीकडे सापडतं.

कंपनीचं नाव नेमकं कसं लिहिलंय, त्यावरून काळाच्या दोन कडा मिळतात. 'रस्टन, प्रॉक्टर' असेल तर इंजिन 1918 च्या आधीचं. त्या वर्षी हॉर्न्सबीशी विलीनीकरण झालं आणि पुढे 'रस्टन अँड हॉर्न्सबी' आलं. 'रॅन्सम्स, सिम्स अँड हेड' हे नाव 1869 नंतरचं, तर 'रॅन्सम्स, सिम्स अँड जेफरीज' 1884 पासूनचं. लिंकनची 'क्लेटन अँड शटलवर्थ' 1930 मध्ये मार्शलकडे गेली. 'अ‍ॅव्हलिंग-बारफोर्ड' दिसलं तर 1934 किंवा नंतरचं. नावाच्या शेवटी 'लिमिटेड' आहे की नाही तेही टिपून घ्या: रस्टन, प्रॉक्टर 1889 मध्ये लिमिटेड झाली, मार्शल मात्र 1862 मध्येच, त्यामुळे मार्शलच्या बाबतीत त्या शब्दाचा फारसा उपयोग नाही.

नेमकं वर्ष नंबरच सांगतो. 'शकुंतला' या विदर्भातल्या छोट्या रेल्वेच्या इंजिनासारख्या रेल्वे इंजिनांच्या पाट्यांवर वर्ष कोरलेलं असे. शेतीच्या इंजिनांवर बऱ्याचदा नुसता कारखान्याचा अनुक्रमांक. तो पाटीवर नसला तरी सुट्या भागांवर ठोकलेला असतो: क्रँकचं टोक, कनेक्टिंग रॉड, क्रॉसहेड (पिस्टनच्या दांड्याचं सरकणारं टोक), व्हॉल्व्ह हलवणाऱ्या एक्सेंट्रिकचा पट्टा, व्हॉल्व्ह पेटीचं झाकण, सिलिंडरच्या वरची सपाट जागा. किमान तीन ठिकाणी तोच आकडा मिळाला तरच तो इंजिनाचा धरा. एका भागावर वेगळा आकडा म्हणजे तो भाग दुसऱ्या इंजिनावरून आलेला.

इथे सर्वांत जास्त फसगत होते. ओतीव लोखंडातून उठून आलेला आकडा हा साच्याचा नंबर. तोच शेकडो इंजिनांवर सापडेल. आपल्याला हवा तो पंचाने आत ठोकलेला.

आकडा वाचायला ग्राइंडर, सँडब्लास्ट, तेजाब यांतलं काहीही नको. ठोकलेला अंक जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर खोल असतो आणि ग्राइंडरचा एक हात त्याला कायमचा पुसतो. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर त्या जागी बांधून ठेवा, सकाळी पितळी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासा, कोरडं करा. त्यावर खडूची पूड चोळून वरची पुसून टाकली की खोलातली पांढरी राहते. अंधार पडल्यावर टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून बाजूने मारा आणि चारही दिशांनी फोटो घ्या. शेवटी पातळ कागद ठेवून पेन्सिलचा ठसा काढा. 3 आणि 8, 1 आणि 7 यांत गोंधळ होतोच. 6 आणि 9 साठी भाग उलटा बसवलेला नाही ना, ते बघा.

बॉयलरवर वेगळा एक नंबर सापडेल, तो सरकारी नोंदणीचा. 1923 च्या बॉयलर कायद्यानुसार तो ठोकलेला असेल तर इंजिन त्यानंतर वापरात होतं एवढंच कळतं. बांधणी कितीतरी आधीची असू शकते. सोबत प्रांताची अक्षरं असतील तर मालकीचा काळ लागतो. मध्य प्रांत-वऱ्हाडचं 1950 मध्ये मध्य प्रदेश झालं, 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. रंगाच्या थरांतही अशी अक्षरं दबलेली असतात. दोन सेंटिमीटरची खिडकी खरवडून बघा, अख्खा पत्रा नको.

प्रेशर गेज, शिट्टी, ल्युब्रिकेटर यांवरून काळ ठरवू नका, ते सतत बदलले जात. बॉयलरचे रिव्हेट, एक की दोन सिलिंडर, हे जास्त विश्वासाचं. लहान-मोठी अशी दोन सिलिंडरं, म्हणजे कंपाउंड, स्वतः चालणाऱ्या इंजिनावर असतील तर ते 1880 च्या अलीकडचं; फाउलरचं पहिलं 1881 चं. बोल्ट इंची, व्हिटवर्थ या इंग्रजी पद्धतीच्या आट्यांचे असतील तर बहुधा इंग्लंडचं, बहुतेक मूळ बोल्ट मिलिमीटरचे निघाले तर मॅनहाइमच्या लान्झसारखी जर्मन कंपनी शक्य आहे.

मापं घ्या: फ्लायव्हीलचा व्यास आणि रुंदी, चाकांचे व्यास आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो ते अंतर. स्ट्रोकसाठी फ्लायव्हील हाताने फिरवून क्रॉसहेडची दोन टोकं खडूने आखा आणि अंतर मोजा. जाम असेल तर जोर लावू नका. क्रँकच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर दुप्पट करा.

हे सगळं उन्हाळ्यात करा. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक आसापर्यंत रुततं आणि चाकाखाली खणलं तर दहा टनांचा रोलरही एका बाजूला कलतो. स्मोकबॉक्स उघडण्याआधी काठीने ठोका. साप, विंचू, गांधीलमाशा यांना ती जागा आवडते. बॉयलरच्या पत्र्याखाली पांढरट, तंतूमय भर दिसली तर ती अ‍ॅस्बेस्टॉस समजा, हलवू नका, फवाऱ्याने ओली करून झाका.

नंबर मिळाला की कारखान्याच्या नोंदवह्या कामी येतात. फाउलर आणि रॅन्सम्स यांची कागदपत्रं इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात आहेत. पत्रात कंपनीचं पाटीवरचं पूर्ण नाव, नंबर कोणकोणत्या भागांवर सापडला, मापं आणि डाव्या-उजव्या बाजूंचे सरळ फोटो द्या. एखादा अंक संशयास्पद असेल तर दोन्ही वाचनं लिहा. मापांशी कोणता नंबर जुळतो हे नोंदवहीवरूनच ताडता येतं.