तारागोनाला जाताना स्टेशन नीट बघून तिकीट काढा

बार्सिलोनाहून तारागोनाला जायचं असेल तर वेगवान गाडीच्या मोहात पडू नका. ती ‘काम्प दे तारागोना’ला थांबते आणि ते स्टेशन शहराबाहेर साधारण १० किलोमीटरवर आहे, म्हणजे पुढे बस किंवा टॅक्सी आलीच. बार्सिलोनाच्या सान्त्स स्टेशनवरून सुटणारी साधी प्रादेशिक गाडी तासाभरात, फार तर थोड्या जास्त वेळात, थेट शहरातल्या ‘तारागोना’ स्टेशनवर सोडते, तेही समुद्राला लागून.

तिथून चढण चढत चालत गेलं की दुसऱ्या शतकातलं रोमन अँफिथिएटर येतं. इथे घाई करू नका. २५९ साली बिशप फ्रुक्तुओसुस यांना इथेच जिवंत जाळलं गेलं आणि पुढे त्याच रिंगणात चर्च उभं राहिलं. त्याचे अवशेष आजही मधोमध दिसतात. मग ‘सर्कस’चे, म्हणजे रथांच्या शर्यतींच्या रोमन मैदानाचे, भुयारी कमानमार्ग बघा, आणि जेवायला प्लासा दे ला फोंत गाठा. हा चौक त्या शर्यतींच्या मैदानावरच वसलाय!

सोमवारी बरीच स्मारकं बंद असतात, तो दिवस टाळा. उन्हाळ्यात अँफिथिएटर सकाळीच उरका, तिथे सावली जवळपास नाहीच.